वेताळाची वस्त्रे

१

मराठ्यांच्या इतिहासात ‘वस्त्रे’ या शब्दाला एक विशेष अर्थ आहे. अमक्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली, तमक्याला सेनापतिपदाची वस्त्रे दिली, असे आपण वाचतो तेव्हा शेला-पागोट्याचा विचार आपल्या मनात येत नाही, अधिकाराचा येतो. वस्त्र अंगावर कोणालाही चढविता येते, वस्त्रे मात्र मिळावी लागतात. ती देणारा कोणी असावा लागतो, ती दिल्याची नोंद व्हावी लागते, आणि ज्याला मिळाली त्याचे नाव त्या पदाच्या परंपरेत गोवले जाते. या भेदाची आठवण मला गेल्या वर्षी झाली, ती कोणा बखरीच्या वाचनाने नव्हे, तर शाळेतील एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाने.

बडोद्याजवळील कोयली हे गाव तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे सर्वांस ठाऊक आहे. १९६५ साली हा कारखाना सुरू झाल्यापासून येथे नाना प्रांतांची कुटुंबे येऊन राहिली, आणि त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आली. अशाच एका कुटुंबाने घर आवरताना जुन्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी अंकांचा एक गठ्ठा आमच्या शाळेच्या ग्रंथालयास दिला. शाळेत गुजराती शिकणारी, पण घरी मराठी बोलणारी सातवीतील एक विद्यार्थिनी ते अंक मोठ्या आवडीने वाचीत असे. एके दिवशी अंक परत करताना तिने मला विचारले, “सर, वेताळाला नुसती मुलगीच झाली तर?”

मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले, आणि म्हणून थोडे लांबलेले, उत्तर आहे. चित्रकथेसारख्या विषयावर विद्वज्जनांच्या नियतकालिकात लिहावे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. तिला माझे उत्तर इतकेच की, आपल्या विद्यार्थ्यांच्या मनातील वीरपुरुषाची पहिली मूर्ती ज्या वाङ्मयाने घडविली, त्याची परीक्षा शिक्षकांनी करावयाची नाही तर कोणी करावयाची? पोवाड्याची आणि बखरीची चिकित्सा आपण करतो. वेताळाच्या चित्रकथा हाही गेल्या दोन-तीन पिढ्यांचा पोवाडाच होय.

२

ली फॉक या अमेरिकन लेखकाने ‘फँटम’ हे पात्र निर्माण केले, आणि त्याची दैनिक चित्रपट्टी फेब्रुवारी १९३६ मध्ये वृत्तपत्रांतून सुरू झाली. भारतात १९६४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढले, त्याचे पहिले बत्तीस अंक सर्वस्वी याच नायकाचे होते. १९९० साली ही माला बंद पडली. तोवर इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली आदी भाषांतून तिने लक्षावधी घरांत प्रवेश मिळविला होता. मराठी आवृत्तीत फँटमचे नाव ‘वेताळ’ झाले.

हे नामांतर ज्याने केले त्याला जाणीव असो वा नसो, त्याने मोठ्या मार्मिकतेने शब्द निवडला असे म्हटले पाहिजे. मूळ इंग्रजीत या नायकाची ख्याती ‘चालणारे भूत’ अशी आहे. कोकणात आणि गोमंतकात वेताळ हा गावाचा रक्षणकर्ता देव मानला जातो. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, फिरताना त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नवीन वहाणा वाहतात. सीमेचे रक्षण करणारा, रात्री चालणारा आणि ज्याचे भय दुष्टांनी बाळगावे असा हा देव आणि डेंकालीच्या अरण्यातील बुरखाधारी नायक यांचे नाते कोशात पाहून जुळविलेले नाही. ते लोकमानसात आधीच तयार होते.

या कथांची मूळ कल्पना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १५३६ साली समुद्रचाच्यांच्या हल्ल्यातून एकटा वाचलेला एक तरुण आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागतो. आपल्या पित्याची हत्या करणाऱ्या चाच्याची कवटी हाती घेऊन तो शपथ घेतो की, चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशासाठी मी आयुष्य वेचीन आणि माझे पुत्र व त्यांचे पुत्र हेच व्रत पुढे चालवतील. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तीच वस्त्रे आणि तोच बुरखा धारण करतो. चेहरा कोणी पाहत नाही; त्यामुळे अरण्यातील लोकांची समजूत अशी की, वेताळ एकच आहे आणि तो अमर आहे. आज कथेत वावरणारा वेताळ हा एकविसावा. प्रत्येक वेताळ आपल्या पराक्रमांची नोंद कवटीच्या गुहेतील इतिवृत्तांत करून ठेवतो.

या रचनेत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळणाऱ्या नाहीत. पहिली गोष्ट बुरख्याची. बुरख्याचे तत्त्व असे की, आत कोण आहे याला महत्त्व नाही. काम चालू राहिले पाहिजे. दुसरी गोष्ट शपथेची. शपथेचे तत्त्व असे की, आत कोण आहे हेच महत्त्वाचे. तो पुत्र असला पाहिजे, आणि पुत्राचा पुत्र. एक तत्त्व उदार, दुसरे कुळाच्या मर्यादेत बंदिस्त. आपल्या मिताक्षरा परंपरेत पुत्र, पौत्र आणि प्रपौत्र हे जन्मतःच सहदायाद होत असत आणि कन्या मात्र त्या वर्तुळाबाहेर राहत असे. वेताळाची शपथ त्याच धर्तीची आहे. भारतात २००५ च्या दुरुस्तीने कन्येलाही जन्मतः सहदायाद केले. वेताळाच्या कवटीपुढील शपथेत मात्र अशी दुरुस्ती झालेली नाही.

३

ज्या प्रश्नाने माझी विद्यार्थिनी अडखळली, त्याचे अर्धे उत्तर फॉकने १९५२ सालीच दिले होते. त्या वर्षी विल्सन मॅकॉय या चित्रकाराच्या साहाय्याने रविवारच्या पुरवण्यांसाठी त्याने जी कथा लिहिली, तिचे शीर्षकच ‘स्त्री-वेताळ’ या अर्थाचे आहे. कथा चालू वेताळाची नाही, पूर्वजांच्या काळातील आहे. सतराव्या वेताळाला ज्यूली नावाची जुळी बहीण असते. भाऊ काम करण्यास असमर्थ झाला असता ती त्याची वस्त्रे अंगावर चढविते, बुरखा बांधते आणि वेताळाचे कर्तव्य पार पाडते. पुढे भाऊ बरा होतो, आणि वस्त्रे त्याच्याकडे परत जातात.

१९५२ हे वर्ष ध्यानात घेतले म्हणजे या कथेचे धाडस लहान वाटत नाही. महायुद्धाच्या काळात कारखान्यांत पुरुषांची कामे केलेल्या लक्षावधी अमेरिकन स्त्रियांना तेव्हा घराकडे परत पाठविले गेले होते. पुरुषांनी जागा रिकामी केली की स्त्रीने ती भरावयाची, आणि पुरुष परतला की सोडावयाची, हा तेथील ताजा अनुभव होता. फॉकने तो हेतुतः रंगविला असे म्हणण्यास माझ्याजवळ आधार नाही. परंतु कथेचा आकार तोच आहे.

फॉकच्या बाजूने आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याने ज्यूलीला भावाची पत्नी किंवा मुलगी न करता जुळी बहीण केले. जुळ्या भावंडांत वय एक, कूळ एक, संस्कार एक. दोघांत भेद उरतो तो एकच. म्हणजे लेखकाने इतर सर्व कारणे दूर सारून एकच कारण परीक्षेला ठेवले. प्रयोगशाळेत आपण जसे एका घटकाखेरीज सर्व घटक स्थिर ठेवतो, तसाच हा प्रकार झाला. आणि प्रयोगाचा निष्कर्ष कथेतच आला आहे: काम अडत नाही. वस्त्रे घातलेली व्यक्ती स्त्री असल्यामुळे वेताळाच्या कार्यात खंड पडत नाही. बुरख्याचे तत्त्व येथे पूर्णपणे सिद्ध होते.

परंतु शपथेचे तत्त्व तसेच अबाधित राहते. ज्यूलीच्या कर्तृत्वानंतरही गणना बदलत नाही. सतरावा वेताळ तिचा भाऊच, आणि अठरावा त्याचा पुत्र. ज्यूली इतिवृत्तात आहे, अनुक्रमात नाही. तिची गोष्ट सांगितली जाते; तिच्या नावापुढे आकडा लागत नाही. वस्त्रे तिच्या अंगावर आली, पण वस्त्रे तिला मिळाली नाहीत. या कथेविषयी मला जे म्हणावयाचे आहे, त्याचे सार हेच. स्त्रीकडे वीराचा वारसा सोपविणारी कोणतीही कथा पारखताना आपण हा एकच प्रश्न विचारावा: तिला बुरखा मिळाला की शपथही मिळाली? ती वारस झाली की विश्वस्त?

४

येथे मराठी भाषेविषयी थोडे लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. कारण चित्रकथा आपण वाचली ती मराठीत, आणि मराठीत हा बुरखा इंग्रजीइतका घट्ट बसत नाही.

इंग्रजीत बुरखाधारी व्यक्ती स्वतःविषयी कितीही बोलली तरी क्रियापदावरून ती स्त्री की पुरुष हे कळत नाही. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ म्हणताक्षणीच बुरखा गळून पडतो. ज्यूलीच्या तोंडी मराठी अनुवादक काय घालील? ‘मी जाते’ म्हटले तर सोंग फुटते; ‘मी जातो’ म्हटले तर भाषाच तिला पुरुष करते. कोल्हापूरकडील स्त्रियांच्या तोंडी ‘मी जातो’ हे रूप सर्रास येते. तेथील एखादी ज्यूली असती तर तिची अडचण झाली नसती, हा विनोद सोडून देऊ. नावाचीही तीच गत आहे. ‘वेताळ’ हा शब्द पुल्लिंगी. ‘वेताळ आली’ हे वाक्य कानाला खटकते, आणि ‘वेताळीण’ म्हणावे तर त्या शब्दाला हडळीची छाया येते. गंमत अशी की, ज्या ‘भूत’ शब्दावर सगळी ख्याती उभी आहे, तो मराठीत नपुंसकलिंगी आहे. भूत येते आणि भूत जाते. ते बाप्या की बाई, हे व्याकरण विचारीत नाही. कीर्ती नपुंसकलिंगी आणि नाव पुल्लिंगी, असा हा वेताळाचा पेच आहे.

परंतु मराठीत एक वाट उघडी आहे आणि ती राजदरबारातून गेलेली आहे. ‘आम्ही’ हे सर्वनाम लिंगभेद पाळीत नाही. ‘आम्ही आलो’, ‘आम्ही जातो’ ही रूपे स्त्री-पुरुषांना सारखीच. अधिकाराच्या आसनावर बसलेली व्यक्ती जेव्हा ‘आम्ही’ म्हणून लिहिते वा बोलते, तेव्हा अधिकार बोलतो आणि शरीर बाजूस राहते. उद्या कोणी ज्यूलीची कथा मराठीत आणणार असेल, तर तिच्या तोंडी ‘आम्ही’ घालावे, अशी माझी सूचना आहे. ‘इंद्रजाल’च्या संपादकांनी मूळ कथेतील देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ केले, चाच्यांच्या टोळीचे नाव भारतीय वाचकाला लागेल म्हणून ‘सिंगा’ केले. एवढे स्वातंत्र्य ज्यांनी घेतले त्यांच्या परंपरेत एका सर्वनामाचे स्वातंत्र्य खचित बसते.

५

वारस आणि विश्वस्त हा भेद मला अमेरिकन चित्रकथेत शोधावयास जाण्याचे वास्तविक कारण नव्हते. आमच्या बडोद्याच्या परिसरातच तो दोनदा घडून गेला आहे.

बडोद्याच्या आग्नेयेस डभोई आहे. १ एप्रिल १७३१ रोजी तिच्या परिसरात पहिल्या बाजीराव पेशव्यांची आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली आणि तीत त्रिंबकराव पडले. शाहू महाराजांनी सेनापतिपदाची वस्त्रे दिली ती त्यांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना. यशवंतराव अल्पवयीन, म्हणून कारभार आला तो मातोश्री उमाबाई दाभाडे यांच्याकडे. पुढील वर्षी डाकोर येथे पिलाजी गायकवाडांचा घात झाला, तेव्हा जोधपूरच्या अभयसिंगाविरुद्ध अहमदाबादेवर फौजा घेऊन गेल्या त्या उमाबाई. दाभाड्यांचे गुजरातेतील हक्क त्यांनी राखले, आणि ज्या गायकवाड घराण्याने पुढे बडोद्यास राज्य केले, ते त्या काळी त्यांच्या हाताखाली होते. १७५३ साली त्या वारल्या.

आज आपण उमाबाईंना मराठेशाहीतील एकमेव स्त्री-सेनापती म्हणून गौरवितो, आणि तो गौरव योग्यच आहे. पण सेनापतींची परंपरा लिहावयास बसले म्हणजे खंडेराव, त्रिंबकराव, यशवंतराव असा क्रम लागतो. इतिवृत्तात उमाबाई आहेत, अनुक्रमात नाहीत. ज्यूलीची कथा वाचताना मी प्रथम थांबलो तो या साम्यापाशी. सतराव्या वेताळाच्या बहिणीवर जो न्याय कल्पित लेखकाने केला, तोच आमच्या वास्तव इतिहासाने सेनापतीच्या आईवर केला होता. महाराणी ताराबाईंनी १७०० नंतर औरंगजेबाशी झुंज दिली ती पुत्राच्या नावाने. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई लढल्या त्या दत्तक पुत्राच्या हक्कासाठी. पराक्रम स्त्रीचा, नाव पुत्राचे, ही आपल्याकडील रूढ वाट होती.

दुसरी घटना अधिक शांत आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव महाराज गायकवाड निवर्तले तेव्हा महाराणी जमनाबाईसाहेब गरोदर होत्या. पुत्र झाला तर तो गादीचा धनी, असा सर्वांचा हिशेब होता. १८७१ च्या जुलैमध्ये कन्या झाली, आणि गादी मल्हाररावांकडे कायम झाली. त्यांचा कारभार कसा झाला आणि १८७५ साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत कसे केले, हे बडोदेकरांस सांगावयास नको. मग त्याच जमनाबाईसाहेबांनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज.

सयाजीरावांसारखा राजा बडोद्याला लाभला हे आमचे परमभाग्य, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तरीही त्या नवजात कन्येचा विचार करून पाहावा. तिच्या जन्माने एका राज्याचा मार्ग बदलला, तो केवळ ती कन्या होती म्हणून. तिची आई गादीचा वारस निवडू शकत होती; गादीवर बसू शकत नव्हती. वस्त्रे देण्याचा अधिकार स्त्रीला, वस्त्रे मिळण्याचा मात्र नाही. आणि ज्या राजाची निवड या नियमामुळे झाली, त्यानेच १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सर्व राज्यात मुलांबरोबर मुलींचेही शिक्षण सक्तीचे केले. माझ्या ग्रंथालयात ती विद्यार्थिनी प्रश्न विचारीत उभी होती, त्यामागे एवढा इतिहास आहे.

आपल्या प्राचीन वाङ्मयातही हा विचार झालेला आहे. आदिपर्वातील मणिपूरच्या राजाला एकच अपत्य, आणि ती कन्या चित्रांगदा. राजा तिला ‘पुत्रिका’ मानतो, म्हणजे पुत्राच्या ठिकाणी धरतो, आणि अर्जुनाला ती देताना अट घालतो की, हिचा पुत्र माझ्या कुळाचा. बभ्रुवाहन पुढे मणिपूरचा राजा होतो. कन्येला पुत्र मानण्याइतका हा धर्म उदार आहे. परंतु तो तिला पुत्र मानतो तो पुत्र मिळविण्यासाठी. चित्रांगदा हा पूल आहे. पुलावरून वारसा जातो. पुलाला वारसा मिळत नाही.

६

ही वाट सोडणारी एक चित्रकथा अलीकडे झाली, तिचा परामर्श घेतल्याशिवाय हे विवेचन एकांगी होईल. मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने उत्तरेकडील पुराणांतील थॉर देवाला १९६२ पासून आपल्या चित्रकथांचा नायक केला आहे. त्याच्या हातोड्यावर एक लेख कोरलेला असतो: जो योग्य असेल त्यालाच हा हातोडा उचलता येईल आणि थॉरची शक्ती प्राप्त होईल. २०१४ साली जेसन ॲरन या लेखकाने आणि रसेल डाउटरमन या चित्रकाराने जी नवी माला सुरू केली, तीत थॉर स्वतःच अयोग्य ठरतो, आणि हातोडा एक स्त्री उचलते. त्या क्षणी हातोड्यावरील लेखातील पुरुषवाचक सर्वनाम बदलून स्त्रीवाचक होते. ती स्त्री म्हणजे थॉरची जुनी प्रेयसी जेन फॉस्टर, हे २०१५ मध्ये उघड झाले. जेन कर्करोगाने आजारी असते. प्रत्येक वेळी हातोडा उचलला की औषधांचा परिणाम तिच्या देहातून धुऊन निघतो आणि रोग मात्र राहतो. हे ठाऊक असूनही ती हातोडा उचलते.

वेताळाच्या आणि या कथेच्या तुलनेत दोन वारशांचे स्वरूप स्पष्ट होते. वेताळाचा वारसा वंशाचा आहे, थॉरचा योग्यतेचा. वंशाच्या वारशात स्त्री पाहुणी असते. योग्यतेच्या वारशात तिला अडविण्यास कारणच उरत नाही. आणि जेनला केवळ हातोडा मिळत नाही, नावही मिळते. जुना थॉर आपले नाव तिच्यासाठी सोडतो. ‘स्त्री-थॉर’ असे उपपद न लावता ती ‘थॉर’ म्हणून वावरते. एका सर्वनामाचा तो बदल मला पानेच्या पाने भरणाऱ्या युद्धचित्रांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण तेथे वस्त्रे ‘मिळाली’ आहेत. अर्थात ही कारकीर्दही २०१८ मध्ये संपली, आणि नाव पुन्हा जुन्या धन्याकडे गेले. परंतु ती संपली कोणी बरा होऊन परतल्यामुळे नव्हे, तर जेनने जगाच्या रक्षणासाठी केलेल्या त्यागामुळे. विश्वस्ताची मुदत संपणे निराळे आणि वारसाची कारकीर्द संपणे निराळे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. पुरुषवीराची वस्त्रे स्त्रीला घालण्यापेक्षा तिच्यासाठी नवीन वीरकथा का रचू नये? उसनी वस्त्रे कशास हवीत? अशा कथा रचल्याही जात आहेत. २०१४ सालीच राम देविनेनी आणि डॅन गोल्डमन यांनी वाघावर आरूढ झालेली प्रिया ही नायिका निर्माण केली. तिला कोणाचा वारसा नाही. अत्याचारातून उभी राहिलेली ती स्वयंभू आहे. अशा नायिका पुष्कळ व्हाव्यात. परंतु मुलीने स्वतंत्र घर बांधावे हा सल्ला कितीही चांगला असला, तरी वडिलांच्या घरात तिचा हिस्सा आहे की नाही या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. वेताळ, थॉर, सेनापती ही लोकांच्या स्मरणात शतकानुशतके उभी असलेली घरे आहेत. त्यांची दारे कोणाला उघडी आहेत हा प्रश्न नव्या घरांमुळे मिटत नाही.

वेताळाच्या कथेत तो प्रश्न आजही उघडा आहे. एकविसाव्या वेताळाचा विवाह १९७७ साली डायना पामर हिच्याशी झाला आणि १९७९ साली त्यांना जुळी मुले झाली, किट हा मुलगा आणि हेलोईस ही मुलगी. फॉकने ज्यूलीच्या वेळी मांडलेला डाव पुन्हा तसाच मांडला. १९९९ साली तो निवर्तला. त्याच्या मागून लिहिणाऱ्या टोनी डीपॉलने हेलोईसला धीट आणि लढवय्यी रंगविली आहे. पण मागे ज्यूलीला जे मिळाले नाही ते हेलोईसला मिळेल काय? तिच्या नावापुढे आकडा लागेल काय? मला या चित्रपट्टीत आता एवढीच उत्कंठा उरली आहे.

७

शेवटी एक कबुली देणे मला कर्तव्य वाटते.

आमच्या शाळेत प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाचा एक दलनायक असतो, आणि दरवर्षीच्या दलनायकाचे नाव कार्यालयाबाहेरील लाकडी फलकावर रंगविले जाते. काही वर्षांपूर्वी नेमलेला मुलगा संचलनाच्या आठवड्यात तापाने आजारी पडला. नववीतील एका मुलीला सर्व आज्ञा पाठ होत्या. तिने चार दिवसांत दल बांधले आणि २६ जानेवारीला ते असे चालविले की, पाहुण्यांनी मुद्दाम तिचे नाव विचारून घेतले. मी सभेत तिचे कौतुक केले, तिला एक पुस्तक दिले. ऑगस्टमध्ये मुलगा बरा असल्यामुळे दल पुन्हा त्याच्याकडे गेले. वर्षअखेरीस फलक रंगविणारा आला तेव्हा मी त्याला यादी दिली, आणि त्या वर्षापुढे नाव दिले ते मुलाचे. हे करताना माझ्या मनात यत्किंचितही किंतु आला नाही. ज्यूलीची कथा वाचून झाल्यावर मी फलकासमोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा तो आला.

वेताळपंचविशीतील वेताळ प्रत्येक कथेच्या शेवटी राजाला प्रश्न विचारतो, आणि उत्तर ठाऊक असून न दिल्यास डोक्याची शकले होतील असा धाक घालतो. सातवीतील त्या मुलीने मला विचारलेला प्रश्न याच जातीचा होता. तिला मी आता उत्तर दिले आहे. वेताळाला नुसती मुलगीच झाली, तर ती वेताळ होऊ शकते. बुरखा तिला बसतो हे १९५२ सालीच सिद्ध झाले आहे. अडचण शपथेच्या शब्दांत आहे, आणि शब्द माणसांनी लिहिलेले आहेत.

फलकावरील त्या वर्षापुढे आता दोन नावे आहेत. रंगाऱ्याने दुसऱ्या नावाखाली ‘प्रभारी’ असे लिहू का, म्हणून विचारले होते. मी नको म्हणालो.